चकाकीचा हिशेब

मित्रांनो, आज रात्री जेवणे आटोपली, की एक गोष्ट करून पाहा. घरातले रोजच्या वापरातले, पुष्कळ वेळा घासलेले स्टेनलेस स्टीलचे एक ताट स्वच्छ धुऊन कोरडे करा. खोलीतले दिवे मालवा आणि विजेरीचा प्रकाश ताटावर पाडा. विजेरीचे प्रतिबिंब ताटात दिसेलच. पण नीट पाहा, त्या प्रतिबिंबाभोवती बारीक चमकत्या रेषांची वर्तुळे दिसतील. जणू एखाद्या कोळ्याने दिव्याभोवती जाळेच विणले आहे! आता डोके जरा डावीकडे न्या. प्रतिबिंब सरकेल, आणि त्याच्याबरोबर ते सगळे जाळेही सरकेल.

हे कसे झाले? ताटावरचे चरे खरोखरच वर्तुळाकार असते, तर ते जागचे हलले नसते. म्हणजे चरे निराळेच आहेत आणि वर्तुळे आपल्याला नुसती दिसत आहेत. हेच जाळे तुम्हाला उन्हात उभ्या असलेल्या काळ्या मोटारीच्या बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती दिसेल. या जाळ्याच्या मागे लागून मी एकदा चांगलाच फसलो. ती हकीकत आणि तिच्यामागचे पदार्थविज्ञान आज तुम्हाला सांगणार आहे.

जाळे कोण विणतो?

बारीक चरा म्हणजे एक लांबट, अरुंद नाली. तिच्या दोन्ही बाजू निरनिराळ्या उताराच्या असतात, त्यामुळे तिच्यावर पडलेला प्रकाश तिच्या आडव्या दिशेने दोन्हीकडे फाकतो. नालीच्या लांबीच्या दिशेने मात्र तो फाकत नाही. त्या दिशेने ती सपाट आरशासारखीच वागते. आता ताटावर हजारो चरे वाटेल त्या दिशांनी पडलेले आहेत असे समजा. त्यांपैकी तुमच्या डोळ्यापर्यंत प्रकाश कोणते चरे पोचवतील? दिव्याच्या प्रतिबिंबापासून चऱ्यापर्यंत एक रेषा ओढली, तर त्या रेषेला जे चरे काटकोनात आहेत तेच! बाकीच्या चऱ्यांचा प्रकाश भलतीकडे जातो. प्रतिबिंबाच्या चहूबाजूंनी असे काटकोनातले तुकडे निवडले, की त्यांचे वर्तुळ झालेच. भूमितीत वर्तुळाची स्पर्शिका त्रिज्येला लंब असते हे तुम्ही शिकला आहात, तेच हे. रात्री झाडाआडून रस्त्यावरच्या दिव्याकडे पाहिले, तर त्याच्याभोवतीच्या फांद्याही अशाच गोल मांडल्यासारख्या दिसतात.

मग मोटारीवर हे चरे येतात कोठून? माझे मामा निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्याकडे आठ वर्षांची काळी मोटार आहे. रोज सकाळी सहा वाजता ते कोरडे फडके घेऊन ती पुसतात. गाडीवर त्यांचे प्रेम आहे, आणि त्या प्रेमानेच तिच्यावर चरे पाडले! आपल्याकडच्या धुळीत वाळूचे सूक्ष्म कण असतात. वाळू म्हणजे क्वार्ट्‌झ. काठिण्याच्या मोहस् मापनात तिचा क्रमांक ७. खिडकीची काच साधारण साडेपाचच्या आसपास. मोटारीचा रंग तर काचेपेक्षा कितीतरी मऊ. कोरड्या फडक्याखाली ही धूळ सापडली, की फडक्याचा पॉलिश पेपर होतो.

गुळगुळीत म्हणजे किती गुळगुळीत?

प्रत्येक किरण परावर्तनाचा नियम पाळतो: आपतन कोन आणि परावर्तन कोन सारखे. आरशात हे सगळीकडे एकाच शिस्तीने होते, म्हणून प्रतिबिंब दिसते. खडबडीत भिंतीवरही प्रत्येक किरण तोच नियम पाळतो. पण भिंतीच्या प्रत्येक कणाचा उतार निराळा, म्हणून प्रकाश विखुरतो.

पण पूर्ण सपाट असे काहीच नसते. मग कोणत्या पृष्ठाला गुळगुळीत म्हणायचे? याची मोजपट्टी प्रकाशाची तरंगलांबीच आहे. लॉर्ड रॅले या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा एक ठोकताळा असा: प्रकाश सरळ वरून पडत असेल, तर पृष्ठावरचे उंचवटे तरंगलांबीच्या एक अष्टमांशापेक्षा लहान हवेत. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०·५५ मायक्रॉन. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) तिचा आठवा हिस्सा सुमारे ०·०७ मायक्रॉन. रंगकामात वापरतात त्या २००० नंबरच्या वॉटर पेपरवरचे कण सुमारे १० मायक्रॉनचे असतात. तो कागद हाताला अगदी मऊ लागतो. पण प्रकाशाच्या हिशेबाने तो दगडधोंड्यांचा रस्ताच आहे!

हाच ठोकताळा असेही सांगतो, की प्रकाश तिरपा पडला तर जास्त उंचवटे चालतात. वहीचे पुठ्ठ्याचे कव्हर डोळ्याच्या पातळीवर आडवे धरा आणि त्याच्या पृष्ठालगत खिडकीकडे पाहा. एरवी निस्तेज दिसणारा पुठ्ठा खिडकीचे अंधुक प्रतिबिंब दाखवू लागेल.

आणखी एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल. पांढऱ्या मोटारीवर चरे पडत नाहीत काय? पडतात, तितकेच पडतात. पण पांढरा रंग स्वतःच पुष्कळ प्रकाश विखुरतो. त्या उजेडात चऱ्यांचा उजेड हरवून जातो. काळा रंग आत शिरलेला प्रकाश गिळून टाकतो, म्हणून प्रत्येक चरा उठून दिसतो. दिवसा तारे दिसत नाहीत आणि रात्री दिसतात, तसेच हे.

केसाएवढे भांडवल

आता मोटारीच्या रंगात जरा खाली उतरू. कारखान्यातून निघालेल्या मोटारीचा पोलादी पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. त्यावर गंजरोधक थर सुमारे २० मायक्रॉन, मग पृष्ठ सपाट करणारा प्रायमर सुमारे ३० मायक्रॉन, मग खरा रंग सुमारे १५ मायक्रॉन, आणि सर्वांत वर ४० ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक थर. गॅरेजमध्ये याला क्लिअर म्हणतात. गाडीगणिक हे आकडे कमीजास्त होतात. पण सगळे मिळून वहीच्या कागदापेक्षा फारसे जाड नाही. आपल्या डोक्याचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ज्या थरात चरे आहेत तो जेमतेम एका बारीक केसाएवढा!

चरा काढायचा म्हणजे काय करायचे? तो बुजवता येईल, असे पुष्कळांना वाटते. मेणाने तो बुजतोही. मेणाचा अपवर्तनांक रंगाच्या अपवर्तनांकाच्या जवळ असल्याने नाली भरली, की प्रकाश फाकत नाही. पण चार वेळा गाडी धुतली, की मेण जाते आणि चरा परत दिसतो. चरा कायमचा घालवायचा, तर त्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा सगळा थर खाली आणावा लागतो. शेतात खड्डा पडला आणि बाहेरून माती आणता येत नसेल, तर सगळे शेतच खड्ड्याच्या तळाइतके खाली खणावे लागेल, तसे. म्हणून हे नीट लक्षात ठेवा: पॉलिश करणे म्हणजे काही लावणे नव्हे, काढणे आहे, आणि जे काढले ते परत येत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण करणारी द्रव्येही याच थरात असतात, म्हणून तो फार पातळ झाला, तर पुढे काही वर्षांनी रंगच विटतो.

माझी फजिती

हे सगळे मला पाठ होते. महाविद्यालयात घर्षण आणि परावर्तन हे विषय मी वीस वर्षे शिकवतो आहे. म्हणून मामांना मी मोठ्या ऐटीत म्हणालो, “मामा, गाडी रविवारी माझ्याकडे द्या. आरसा करून देतो.”

पॉलिशचे एक फिरते मशीन भाड्याने आणले. दिसायला ते वेल्डिंगच्या दुकानातल्या ग्राइंडरसारखेच. फक्त दगडाच्या जागी लोकरीचे किंवा स्पंजचे गोल पॅड, आणि वेग कमीजास्त करण्याची सोय. मी लोकरीचे पॅड लावले, त्यावर कंपाउंड घेतले आणि मशीन सुरू केले. पहिली दहा मिनिटे बॉनेट असे झळाळू लागले, की मी स्वतःवरच खूश झालो. मग बॉनेटच्या कडेशी एक हट्टी चरा दिसला. तो जाईना, म्हणून मशीन जरा तिरपे करून दाबले. फार नाही, चार-पाच सेकंद. एक उग्र वास आला. मशीन उचलले तर कडेवर बोटभर लांबीचा राखाडी पट्टा! क्लिअर गेला, काळा रंग गेला आणि खालचा प्रायमर दिसू लागला. पांढऱ्या पॅडवर काळा डाग होता.

मामा आले, पट्ट्यावरून त्यांनी बोट फिरवले. रागावले असते तर बरे वाटले असते. ते एवढेच म्हणाले, “रंग परत देता येईल. पण असं का झालं, ते मला फळ्यावर मांडून दाखव.”

फळ्यावरचा हिशेब

त्या रात्री मी कागद घेऊन बसलो. तुम्हीही माझ्याबरोबर करा. गुणाकार-भागाकारापलीकडे यात काही नाही.

पॅडचा व्यास १५ सेंटिमीटर, वेग मिनिटाला १५०० फेरे, म्हणजे सेकंदाला २५. पॅडचा परीघ सुमारे ४७ सेंटिमीटर. म्हणून पॅडच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे १२ मीटर, म्हणजे ताशी ४२ किलोमीटर! अगदी मध्यावर मात्र वेग शून्य. कडेकडच्या भागाचे क्षेत्रफळ जास्त असल्यामुळे सरासरी ६ न येता ८ येते. घर्षणाचे बल २० न्यूटन धरू. दोन किलोचे वजन उचलायला साधारण इतकेच बल लागते. बल गुणिले वेग म्हणजे शक्ती: २० × ८ = १६० वॅट. यातली जवळजवळ सगळी ऊर्जा उष्णता होते.

ही उष्णता पॅडखालच्या पत्र्यात गेली असे समजू. पॅडखालचे क्षेत्र सुमारे १७७ चौरस सेंटिमीटर, पत्रा ०·८ मिलिमीटरचा, पोलादाची घनता ७·८. म्हणजे वस्तुमान सुमारे ११० ग्रॅम. पोलादाची विशिष्ट उष्णता दर ग्रॅमला सुमारे ०·४५ जूल, म्हणून पत्रा एक अंशाने तापायला सुमारे ५० जूल लागतात. १६० भागिले ५०. दर सेकंदाला तापमान तीन अंशांनी वाढणार. हे काही भयंकर नाही. मशीन सरकते ठेवले तर रंगाला धोका नाही.

आता माझी चूक पाहा. मशीन तिरपे केले, तेव्हा पॅडची फक्त कड टेकली. टेकलेले क्षेत्र विसावा हिस्सा झाले, समजा ९ चौरस सेंटिमीटर. घर्षणाचे बल क्षेत्रफळावर अवलंबून नसते, म्हणून ते २० न्यूटनच राहिले. उलट वेग आता पुरा १२ मीटर. शक्ती २४० वॅट, आणि तापणारा पत्रा जेमतेम साडेपाच ग्रॅम! एक अंशाला अडीच जूल पुरे. भागाकार करा: सेकंदाला जवळजवळ १०० अंश! उष्णता आजूबाजूला पसरते, म्हणून प्रत्यक्षात इतके तापत नाही. पण जागच्या जागी चार सेकंद थांबलो, यात सगळे आले.

त्यात कडेची दोन वैगुण्ये. ओला रंग पृष्ठताणामुळे धारदार कडेपासून मागे सरतो, म्हणून कडेवर थर मुळातच पातळ असतो. आणि कडेवर टेकणारे क्षेत्र लहान, म्हणून दाब जास्त. प्लॅस्टिकच्या बंपरवर तर आणखी जपावे लागते. पोलादाच्या मानाने प्लॅस्टिक दोनशे पटींहून अधिक मंद उष्णतावाहक आहे. तेथे उष्णता पळून न जाता रंगातच साठते.

हा हिशेब मी मशीन हातात घेण्याआधीही करू शकलो असतो. केला नाही, हीच खरी चूक.

मेस्त्रींची शाळा

दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका रंगकाम करणाऱ्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी पट्टा पाहिला आणि म्हणाले, “सर, पहिल्यांदा सगळ्यांचंच जळतं. माझं तर गिऱ्हाइकाच्या गाडीचं जळलं होतं.” कोपऱ्यातले एक भंगारातले बॉनेट त्यांनी माझ्यासमोर ठेवले. पुढचे तीन रविवार मी त्यावर शिकलो.

पहिला धडा मशीन धरण्याचा. वरून पाहिले तर पॅड घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. ते अगदी सपाट टेकले असेल, तर समोरासमोरच्या बाजूंची घर्षणबले एकमेकांना छेदतात आणि मशीन जागी राहते. एक बाजू जरा दाबली गेली, की तोल बिघडतो. पॅडची पलीकडची कड दाबली, तर ती कड उजवीकडे पळत असते, म्हणून घर्षण पॅडला डावीकडे ढकलते. मशीन डावीकडे उडी मारते. उजवी कड दाबली तर ते पुढे पळते. पहिल्या रविवारी हे मशीन मला बॉनेटभर ओढत होते! “मशीनशी कुस्ती खेळू नका,” मेस्त्री म्हणाले, “नुसतं सांभाळा.” न्यूटनचा तिसरा नियम मला इतक्या स्पष्टपणे प्रयोगशाळेतही भेटला नव्हता.

दुसरा धडा कडेचा. कडेपाशी पॅड गाडीवरून बाहेर फिरत जाईल असे धरायचे, बाहेरून कडेवर चढेल असे नव्हे. कडांना आधी चिकटपट्टी लावायची. तिसरा धडा वेगाचा: आधी ६०० फेऱ्यांवर कंपाउंड पसरायचे, मग वेग वाढवायचा, शेवटी परत कमी करायचा. चौथा धडा हाताचा: दर थोड्या वेळाने उलटा तळहात पत्र्याला लावायचा. चटका बसला तर थांबायचे. पाचवा धडा डोळ्यांचा: पॅडकडे पाहायचे. जुन्या अँबॅसिडर आणि फियाट गाड्यांवर वेगळा क्लिअर नसे. त्या घासल्या की फडक्याला रंग लागायचाच. क्लिअर असलेल्या गाडीच्या पॅडला रंग लागला, तर आपण तळाला पोचलो!

शेवटचा धडा नखाचा. चऱ्यावरून आडवे नख फिरवा. नख अडकले, तर चरा पॉलिशने जाण्याइतका उथळ नाही. तो तसाच सोडा.

न्यूटनपासून कापरापर्यंत

पॉलिश करताना नेमके काय घडते, हा प्रश्न जुना आहे. न्यूटनने १६६८ मध्ये परावर्तक दुर्बीण केली, तेव्हा तिचा धातूचा आरसा त्याने स्वतः घासला. १७०४ च्या आपल्या ‘ऑप्टिक्स’ ग्रंथात त्याने ही रीत दिली आहे. त्याच्या मते पॉलिश म्हणजे मोठ्या चऱ्यांच्या जागी इतके लहान चरे पाडायचे, की ते दिसेनासे व्हावेत. विसाव्या शतकात जॉर्ज बील्बी याने दुसरे मत मांडले: घासताना वरचा थर वाहतो आणि खड्डे भरतो. मग १९३७ मध्ये बाउडेन आणि ह्यूज यांनी एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी घासायला चक्क कापूर वापरला! कापूर वितळतो सुमारे १७८ अंश सेल्सिअसला. सुमारे ७० अंशांना वितळणारा वूड्‌स मेटल हा मिश्रधातू मऊ कापराने चकाकू लागला. पण २३२ अंशांना वितळणारे कथिल चकाकेना. म्हणजे घर्षणाची उष्णताही काही वेळा पॉलिशचे काम करते.

मोटारीच्या क्लिअरच्या बाबतीत मात्र न्यूटनचेच म्हणणे अधिक लागू पडते. त्याचे रेणू जाळ्यासारखे एकमेकांत बांधलेले असतात; ते तापले तर मऊ होतात, फार तापले तर करपतात, पण वितळून वाहत नाहीत. काम होते ते कंपाउंडमधल्या कणांनी. हे कण बहुधा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे असतात. माणिक आणि नीलम यांचे मूळ द्रव्य तेच, काठिण्य ९. आधी भरड, मग बारीक, मग त्याहून बारीक. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीचे चरे पुसते आणि आपले लहान चरे मागे ठेवते. शेवटचे चरे तरंगलांबीच्या मोजपट्टीत बसेनासे झाले, की आपण म्हणतो, “आरसा झाला!”

घरी करून पाहा

मशीन तुम्ही हाती घेऊ नका. ते मोठ्यांचे आणि सवयीचे काम आहे. पण एक जुनी, चरे पडलेली पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी घ्या. अर्ध्या भागावर खोबरेल तेलाचे बोट फिरवा: चरे नाहीसे होतील! साबणाने धुवा: परत येतील. हे झाले मेण. आता दुसऱ्या अर्ध्या भागावर थोडी पांढरी टूथपेस्ट घेऊन ओल्या सुती फडक्याने दहा-पंधरा मिनिटे हलक्या हाताने घासा आणि धुवा. बारीक चरे कमी झालेले दिसतील, आणि ते परत येणार नाहीत. हे झाले पॉलिश. दोन्ही अर्ध्या भागांतून वहीवरची अक्षरे वाचून पाहा.

मामांच्या बॉनेटला मेस्त्रींनी नवा रंग दिला. बाकीची गाडी मामांनी मलाच पॉलिश करायला लावली. आधी दरवाजाच्या खालच्या बाजूला वीतभर जागेवर, ती स्वतः पाहिल्यावर मग पुढे. जाळे गेले. मागच्या दरवाजावरचे दोन चरे मात्र मी सोडले, कारण तेथे नख अडकत होते. ते आजही आहेत. मामांनी कोरडे फडके बंद केले. आता ते आधी बादलीभर पाण्याने धूळ वाहून जाऊ देतात आणि मग ओल्या फडक्याने पुसतात. माझा हिशेब त्यांनी तपासला, आणि एके ठिकाणी एकक लिहायचे राहिले होते, तेथे लाल रेघ मारली!